‘ऐकत नाही’ म्हणून आणलेले मूल आणि मातेचा क्रोधवेग

सहामाही परीक्षेची प्रगतिपुस्तके हाती पडली की आमच्या चिकित्सालयात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची संख्या वाढते. रुग्ण म्हणून नाव मुलाचे असते, वय सहा ते दहा वर्षे, आणि तक्रार एकच : ‘ऐकत नाही’. उलट बोलतो, वस्तू फेकतो, अभ्यासाला बस म्हटले की अंगावर येतो. माता बहुधा गर्दी ओसरल्यावर येते, कारण इतरांसमोर हे सांगणे तिला संकोचाचे वाटते. शेवटी ती म्हणते, “डॉक्टर, याला शांत करणारं काहीतरी द्या.” आपणां सर्वांच्या अनुभवास हे येतच असेल. औषधी दुकानदार बंधूंकडे तर ही मागणी चिठ्ठीवाचूनच होते.

चार वर्षांपूर्वी अशाच एका मातेला आम्ही सात वर्षांच्या मुलासाठी एक ब्राह्मीप्रधान कल्प लिहून दिला आणि वर एक सल्लाही दिला, “तुम्ही थोडं शांत राहा, चिडू नका.” पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. मुलाच्या दंडावर बोटांचे वळ होते. कशाने झाले हे विचारण्याची वेळ आली नाही, तिने आपण होऊनच सांगितले आणि ती रडू लागली. तिचे पुढील वाक्य आमच्या मनात घर करून राहिले : “शांत राहा हे सगळेच सांगतात हो. कसं राहायचं ते कोणीच सांगत नाही.”

तिचे म्हणणे खरे होते. अम्लपित्ताच्या रुग्णाला आपण ‘पथ्य पाळा’ एवढेच सांगून पाठवीत नाही. काय खावे, केव्हा खावे, कोणती भाजी वर्ज्य, हे सांगतो. क्रोधाच्या बाबतीत मात्र उपदेशालाच चिकित्सा समजण्याची चूक आम्ही केली होती. त्यानंतर या विषयाचे जे वाचन केले आणि चिकित्सालयात जे करून पाहिले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हट्ट केव्हा विकार ठरतो

दोन-तीन वर्षांच्या मुलाने प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणणे ही वाढीची एक पायरी आहे. तिला औषध नाही आणि नसावे. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात प्रथमच अशा विरोधी वर्तनाला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. त्यास आज ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ म्हणतात. २०१३ च्या आवृत्तीनुसार त्याची आठ लक्षणे तीन गटांत मांडली आहेत : चिडका, संतप्त भाव, वाद घालणे व आज्ञाभंग, आणि सूडबुद्धी. यांपैकी किमान चार लक्षणे सहा महिने टिकली पाहिजेत, आणि ती केवळ भावंडांशी होणाऱ्या भांडणापुरती नसावीत. पाच वर्षांखालील मुलात ती बहुतेक दिवशी, त्यावरील मुलात आठवड्यातून एकदा तरी दिसावी लागतात. सूडबुद्धीची गणना याहून वेगळी आहे. तिचा निकष सहा महिन्यांत किमान दोन वेळा असा आहे. हे निकष सांगण्याचे कारण इतकेच की ‘ऐकत नाही’ म्हणून आणलेले प्रत्येक मूल विकारग्रस्त नसते. मात्र विकार असो वा नसो, घरातील कलहाची रीत पुष्कळदा सारखीच असते आणि मातेला शिकवावयाची कौशल्येही तीच.

त्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. मूल रात्री घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, पांडुता आहे काय, कृमी, मलावष्टंभ, ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, मधूनच शून्यात पाहत राहणे. अपुरी झोप झालेले मूल आळसावत नाही, ते चिडते. हे पालकांना ठाऊक नसते. वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता असणारे मूल अभ्यासाला बसण्यास नकार देते तेव्हा तो नकार उद्धटपणाचा नसून लाजेचा असू शकतो. उपरोक्त मुलाला फळ्यावरचे दिसत नव्हते, चष्मा लागला. त्याने वहीतले लिखाण सुधारले. उलट बोलणे तसेच राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे.

संहितांत काय आढळते

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमाराच्या संगोपनाविषयी जे सांगितले आहे ते पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी वाचले, बहुतेकांनी परीक्षेपुरते. मूल रडत असता, जेवत नसता किंवा अन्य काही कारणाने सांगितलेले करीत नसता, त्याला राक्षस, पिशाच, पूतना आदींची नावे घेऊन भिववू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. न ऐकणारे मूल आचार्यांच्या डोळ्यांसमोर होते, हे यावरून दिसते. सुश्रुताचार्यांनीही शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकाला दरडावू नये असे सांगितले आहे. पूतनेची जागा आज पोलिसाने आणि, खेद वाटतो, आपण घेतली आहे. “गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,” हे वाक्य आमच्याच समोर, आमच्याच खुर्चीत बसून बोलले जाते आणि आपण हसून सोडून देतो.

मातेच्या भावावस्थेचा परिणाम अपत्यावर होतो, हे तत्त्वही आपणांस नवे नाही. क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांनी स्तन्याचा नाश होतो असे सुश्रुतसंहिता सांगते. सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात चरकाचार्यांनी मलमूत्रादी वेग धरू नयेत असे सांगितल्यावर धारण करावयाच्या मानसिक वेगांची यादी दिली आहे, आणि क्रोध त्यात आहे. तिस्रैषणीय अध्यायात सत्त्वावजय ही चिकित्सेची तिसरी पद्धती म्हणून मान्य केली आहे. तत्त्व आहे, स्थान आहे; उणीव आहे ती कृतीच्या तपशिलाची. तो तपशील गेल्या चार-पाच दशकांतील मानसशास्त्रीय संशोधनातून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

कलहाची संप्राप्ती

अमेरिकेतील ओरेगन येथील जेराल्ड पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन पालक व मुलांमधील देवाणघेवाण क्षणाक्षणाने नोंदविली. त्यातून मांडलेला सिद्धांत १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडील घरात तो कसा दिसतो ते पाहावे.

संध्याकाळचे सात वाजले आहेत. आई म्हणते, “मोबाईल ठेव, अभ्यासाला बस.” मूल ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, आवाज चढतो. मूल “थांब ना” म्हणून ओरडते. ती अधिक ओरडते. मूल मोबाईल आपटते, रडते, हातपाय झाडते. आता दोनच शेवट संभवतात. पहिला असा की आई थकून म्हणते, “मर, कर काय करायचं ते,” आणि निघून जाते. मुलाचा आकांत थांबतो, आईला क्षणभर सुटल्यासारखे वाटते. यात मूल शिकते की पुरेसे ओरडले की आज्ञा मागे घेतली जाते. आणि आई नकळत शिकते की माघार घेतली की गोंगाट थांबतो. दुसरा शेवट असा की आई एक धपाटा घालते आणि मूल मुकाट बसते. आता आई शिकते की धपाटा लागू पडतो, आणि मूल शिकते की जो अधिक जोर करतो त्याचे चालते. दोन्ही शेवटांत दोघांनाही तात्काळ उपशय मिळतो, म्हणूनच हे चक्र पुन्हा पुन्हा फिरते आणि दर खेपेस आरंभच वरच्या पट्टीत होतो. मूल कधी जिंकते, कधी हरते. अशा अनियमित यशाने लागलेली सवय नेहमीच्या यशाने लागलेल्या सवयीहून अधिक चिवट असते.

या चक्रात दोषी कोण, हा प्रश्न निरर्थक आहे. काही मुले जन्मतःच तीव्र प्रकृतीची असतात, आणि अशा मुलाची माता कोणीही असो, ती दमणारच. परंतु चक्र तोडण्यास कोठून तरी आरंभ करावयाचा तर तो मोठ्या माणसाकडूनच शक्य आहे. सात वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील स्वनियमनाची केंद्रे अपक्व असतात. मातेची पक्व असतात, फक्त त्या क्षणी ती तिच्या ताब्यात नसतात.

येथे आम्हांस सुश्रुताचार्यांच्या क्रियाकालांचे साहाय्य झाले. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद हा क्रम दोषांसाठी सांगितला आहे. क्रोधाला तो लावणे ही आमची उपमा आहे, शास्त्रवचन नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. पण मातांना ती चटकन समजते. हात उगारला जातो ती व्यक्तावस्था. तेथे ‘शांत राहा’ हा उपदेश म्हणजे भरून फुटलेल्या गळवावर लेप. संचय त्याच्या किती तरी आधी, कदाचित दुपारी बारालाच झालेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली भावनियमनाची जी मांडणी केली तिचाही मथितार्थ हाच की प्रसंग निवडणे, प्रसंग बदलणे, लक्ष वळविणे, अर्थ बदलणे आणि शेवटी प्रतिक्रिया आवरणे अशा पाच ठिकाणी हस्तक्षेप करता येतो. आणि जितके आधी, तितके थोड्या श्रमात. आपण मात्र सगळा भार पाचव्या ठिकाणावर टाकतो.

मातेला प्रत्यक्ष काय शिकवावे

आमच्या रुग्णेला आम्ही प्रथम एक आठवडा फक्त लिहावयास सांगितले. भांडण किती वाजता झाले, त्याआधी दोन तासांत तिने काय खाल्ले, आणि ओरडण्यापूर्वी शरीरात काय जाणवले. वही पाहिल्यावर तीन गोष्टी उघड झाल्या. बहुतेक सर्व भांडणे साडेसहा ते आठ या वेळेत होती. दुपारी अकराच्या भाकरीनंतर तिच्या पोटात चहावाचून काही गेलेले नव्हते. गुरुवारी व शनिवारी उपवास. आणि नळाला पाणी पहाटे येत असल्याने, रात्री शिवणाचे ब्लाऊज पुरे करून बाराला निजणारी ही बाई साडेचारला उठत होती. लंघन, चहा आणि जागरण यांनी वातपित्त वाढलेल्या व्यक्तीला संध्याकाळी क्रोध आला तर त्यात स्वभावदोष कोणता? तिला चार वाजता मूठभर शेंगदाणे व गूळ, अथवा सकाळची भाकरी-भाजी खाण्यास सांगितले, एक उपवास सोडविला, दुपारी वीस मिनिटे आडवे होण्यास सांगितले. अम्लपित्ताची चिकित्सा तिची केली. मुलाच्या नावाच्या केसपेपरला मातेचा केसपेपर जोडण्याची पद्धत आम्ही तेव्हापासून पाडली.

त्यानंतर पूर्वरूपांची ओळख. प्रत्येक मातेची निराळी असतात : कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणाच्या छातीत धडधडते. एकीने सांगितले, “मी भांडी जोरात ठेवायला लागते.” ही खूण इतरांना आधी कळते, तिला शेवटी. पूर्वरूप ओळखले की त्याला मनातल्या मनात नाव द्यावे : मला राग येतो आहे, किंवा अधिक नेमके, मला अपमान वाटतो आहे, मी दमले आहे. हे बालिश वाटेल, परंतु २००७ साली कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखविले की चित्रातील भावनेला शब्दाने नाव दिले असता भय-क्रोधाशी निगडित अमिग्डला या भागाची उत्तेजना कमी होते. ‘तू मला राग आणतोस’ हे नाव देणे नव्हे, तो आरोप झाला. हा भेद मातेला समजावून द्यावा लागतो.

नाव दिल्यावर थांबणे. “मी दोन मिनिटांत येते,” असे मुलाला सांगूनच दूर व्हावे. न सांगता निघून गेल्यास मुलाला ती माघार वाटते किंवा ते घाबरते. मोरीत जाऊन हातांवर, मानेवर पाणी घ्यावे. श्वास घेण्यास चार आकडे, सोडण्यास सहा आकडे, असे आठ-दहा वेळा. उच्छ्वासाच्या काळात हृदयाची गती स्वभावतःच मंदावते, म्हणून सोडण्यावर भर. याचा सराव मात्र राग नसताना, रोज निजण्यापूर्वी व्हावा. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात अर्थ नाही. आम्ही हा सराव चिकित्सालयातच, नाडी हातात धरून करवून घेतो. आपली नाडी आपण मंद करू शकतो हे तिला स्वतःला जाणवले की पुढे फारसे पटवावे लागत नाही.

मग येते प्रतिपक्षाची योजना. उन्मादचिकित्सेत चरकाचार्यांनी काम, शोक, भय, क्रोध इत्यादींनी उत्पन्न मनोविकारांचा शम परस्परविरुद्ध भावांनी करावा असे सांगितले आहे. मार्शा लिनेहान यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या भावनियमन-प्रशिक्षणात जवळजवळ हीच युक्ती शरीराच्या पातळीवर येते. क्रोधात शरीर पुढे झेपावते, उंच होते, आवाज चढतो. त्याच्या उलट करावे : खाली बसावे, एक पाऊल मागे घ्यावे, मुद्दाम हळू बोलावे. मनाची वाट न पाहता देहाने आरंभ करावा.

‘मुद्दाम’ हा शब्द आला म्हणून सांगतो. या मातांच्या बोलण्यात तो दर दुसऱ्या वाक्यात असतो. मुद्दाम करतो, मला छळायला करतो. हा अर्थ मनात पक्का असेल तर श्वासाचे सारे उपाय तोकडे पडतात. मूल मुद्दाम करीत नाही, असे सांगून वाद घालू नये. कधी कधी ते खरेच मुद्दाम करते. त्याऐवजी तिला प्रश्न द्यावेत : भुकेले आहे काय? खेळातून एकदम उठविले काय? जे सांगितले ते त्याला येते काय? उत्तर शोधू लागताच ती वादी न राहता चिकित्सक होते, आणि हे तिला आवडतेही.

एका गैरसमजाबद्दल येथे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो आपल्या व्यवसायातही आढळतो. क्रोधाचा वेग धारण करणे म्हणजे राग गिळणे नव्हे. ग्रॉस यांच्याच प्रयोगांत, भाव चेहऱ्यावर न दाखविण्यास सांगितलेल्या व्यक्तींना आतून वाटणारा त्रास कमी झाला नाही, शरीरातील ताण उलट वाढला. प्रसंगाकडे निराळ्या अर्थाने पाहिलेल्यांना मात्र त्रासच कमी जाणवला. आपल्या समाजातील सुनांना राग गिळण्याचे शिक्षण भरपूर मिळालेले असते. सासूपुढे गिळायचा, पतीपुढे गिळायचा, दुकानातल्या उधारीपुढे गिळायचा. वर गिळलेला हा राग खाली उतरतो आणि घरात सर्वांत खाली असते ते मूल. म्हणून ‘सहन करा’ हा सल्ला या रुग्णेला अपथ्यकर आहे.

शांत राहणे म्हणजे सोडून देणे, हा दुसरा गैरसमज. आज्ञा कमी द्याव्यात, पण दिलेली पाळली जावी. एका वेळी एकच, जवळ जाऊन, मोजक्या शब्दांत. न पाळल्यास लहानसा व ठरलेला परिणाम, जसे त्या दिवसाचा मोबाईल बंद. तोही न ओरडता. या नव्या रीतीच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा आकांत कमी न होता वाढतो, कारण नेहमीची किल्ली लागत नाही म्हणून ते ती अधिक जोराने फिरविते. हे मातेला आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास ती तिसऱ्या दिवशी उपाय सोडते, आणि मूल शिकते की पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडावे लागते एवढेच.

आणि तरीही हात उचलला गेलाच तर? तसे होईल, हे गृहीत धरावे. मारल्यानंतरच्या तासाभरात माता जे करते ते मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अपराधी वाटून ती चॉकलेट देते, मोबाईल देते, मग मोठा आकांत केल्याचे बक्षीस मुलाला मिळते. त्याऐवजी साधे शब्द : “मी मारलं ते चुकलं. अभ्यास मात्र करायचा आहे.” दोन्ही वाक्ये हवीत. आपल्याकडे मुलाची क्षमा मागण्याची रीत नाही. पुष्कळ माता यावर अडतात. आमची रुग्णा तीन आठवडे अडली होती.

याखेरीज रोज पाच मिनिटे मुलाबरोबर त्याच्या मर्जीचा खेळ खेळावा. त्या वेळात सूचना नाही, प्रश्न नाही, टीका नाही, फक्त ते जे करते त्याचे वर्णन व कौतुक. शीला आयबर्ग यांनी विकसित केलेल्या पालक-बालक संवाद चिकित्सेचा हा गाभा आहे. ऐकावयास सोपे, पाळावयास अवघड.

घरातील इतर मंडळी

या लेखात सर्वत्र ‘माता’ म्हटले आहे ते चिकित्सालयात तीच येते म्हणून. आजी लपवून मोबाईल देत असेल आणि पिता रात्री नऊला येऊन “तुला एक पोर सांभाळता येत नाही” म्हणत असेल, तर एकट्या मातेच्या श्वासाने काय होणार? पित्याला एकदा तरी बोलावून घ्यावे. तो येत नसल्यास त्याच्या रक्तदाबाच्या निमित्ताने बोलवावे; आम्ही हा मार्ग निःसंकोच वापरतो. मातेला घरात मारहाण होत असल्यास भावनियमनाचे धडे देणे हा तिच्यावर अन्याय आहे. तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची व १८१ या महिला साहाय्य क्रमांकाची माहिती देणे हेच प्रथम कर्तव्य.

औषधे, आणि दुकानदार बंधूंस विनंती

मुलाच्या अग्निमांद्याची, कृमींची, मलावष्टंभाची, निद्रानाशाची चिकित्सा अवश्य करावी. मेध्य द्रव्ये युक्तीने वापरावीत. परंतु ‘आज्ञाधारक होण्याचे औषध’ कोणत्याही शास्त्रात नाही. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही तीन ते अकरा वर्षांच्या अशा मुलांसाठी पालक-प्रशिक्षण सुचविले असून केवळ वर्तनासाठी नित्याची औषधयोजना करू नये असे म्हटले आहे. म्हणजे आधुनिक वैद्यकाकडेही ती बाटली नाही.

औषधी दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की ‘मुलगा चिडतो’ एवढ्यावर सारस्वतारिष्टासारखे कल्प हाती देऊ नयेत. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. मात्रा, वय व अनुपान ठरविणे वैद्याचे काम आहे. गिऱ्हाईक परत जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. पण ती माता आपल्याशी बोलते आहे, कारण तिला अन्यत्र बोलता येत नाही. तिला जवळच्या वैद्याचे नाव सांगावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक काउंटरवर लावून ठेवण्यास खर्च काहीच नाही.

मुलाने स्वतःस इजा करणे, प्राण्यांना छळणे, आग लावणे, घरातून पळणे. वर्तनात एकाएकी बदल होणे, ज्यामागे लैंगिक अत्याचारासारखे कारण असू शकते. अथवा मातेच्या तोंडी जीव देण्याची भाषा येणे, या वेळी आपण हाती न ठेवता मानसरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे, आणि पाठविल्यानंतर ती पोचली की नाही याची फोन करून खात्री करावी. वळ पुन्हा पुन्हा दिसत असतील तर मुलाची सुरक्षितता आधी, मातेशी असलेला आपला स्नेह नंतर. बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

उपरोक्त मुलगा आता सहावीत आहे. त्याची आई पहिले दोन महिने आठवड्याला येत होती, पुढे महिन्याला. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे पुरली. तिने लिहिलेल्या वहीनुसार तिसऱ्या महिन्यात हात एकदा उचलला गेला, पाचव्यात एकदाही नाही, सातव्यात दोनदा. त्या महिन्यात तिची आई आजारी होती. गृहपाठावरून भांडण अजूनही होते. दिवाळीपूर्वी ती आली होती तेव्हा मुलगा बाहेरच्या बाकावर बसून होता आणि तिने आत बोलावल्यावर “थांब ना” म्हणाला. ती थांबली, मग उठून बाहेर गेली, त्याच्याजवळ वाकून काहीतरी बोलली, आणि तो तोंड फुगवून का होईना, आत आला. त्या दिवशी औषध तिच्या गुडघ्यांसाठी दिले.